इंद्रियांकडे लक्ष देण्याचा सराव : वेगळा वेळ न काढता, रोजच्या कामांत

दिवसभरात आपण कितीतरी वेळा हात धुतो, दार उघडतो, जिना चढतो, घास गिळतो. पण शेवटच्या वेळी हात धुताना पाणी गार होते की कोमट, असे कोणी विचारले तर बहुतेकांना सांगता येणार नाही. यात विसराळूपणाचा भाग फारसा नसतो. त्वचेने तापमानाची नोंद घेतलेली असते, साबण आणि टॉवेल हाताने बिनचूक शोधलेले असतात. फक्त त्या नोंदीकडे वळून पाहण्याची त्या क्षणी गरज वाटलेली नसते. इंद्रियांकडे जाणीवपूर्वक लक्ष देणे म्हणजे ही गरज मुद्दाम निर्माण करणे. त्यासाठी डोळे ताणावे लागत नाहीत की कान टवकारून बसावे लागत नाही. इंद्रियाला एक नेमका प्रश्न विचारावा लागतो आणि उत्तर येईपर्यंत थांबावे लागते. ‘पाण्याकडे लक्ष द्या’ ही सूचना कोणालाही फार वेळ पाळता येत नाही. ‘पाण्याचा गारवा हाताच्या कोणत्या भागाला आधी जाणवतो?’ ही मात्र सहज पाळता येते.

लक्ष का निसटते

सराव सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या, कारण प्रश्न कसे निवडायचे हे त्यांवरूनच ठरते.

पहिली गोष्ट अशी की आपली इंद्रिये स्थितीपेक्षा बदल टिपण्यात तरबेज असतात. अंगातील कपड्याचा स्पर्श घालताना जाणवतो आणि थोड्याच वेळात जाणवेनासा होतो. फ्रिजची घरघर बहुधा ती थांबते तेव्हाच ऐकू येते. डोळ्यांचेही तसेच आहे. एका बिंदूवर नजर अगदी स्थिर ठेवली तर कडेच्या फिकट आकृत्या हळूहळू विरून जातात, हे स्विस वैद्य इग्नाझ ट्रॉक्सलर यांनी 1804 मध्ये नोंदवून ठेवले आहे. एकोणिसाव्या शतकातच जर्मन शरीरशास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांनी दाखवले की फरक जाणवणे हे मूळ उद्दीपनाच्या प्रमाणात असते : हातात हलके ओझे असताना थोडीशी भर लगेच कळते, जड ओझे असताना तेवढीच भर कळतही नाही. याचा व्यवहारात अर्थ सरळ आहे. काही जाणवून घ्यायचे असेल तर एकतर बदल घडवून आणावा, नाहीतर भोवतालचा गलबला कमी करावा.

दुसरी गोष्ट म्हणजे नाव. समोरची वस्तू ‘खुर्ची’ आहे एवढे कळले की रोजच्या व्यवहाराचे काम भागते आणि पाहणे तेथेच थांबते. हा काही दोष नव्हे. प्रत्येक खुर्ची नव्याने न्याहाळत बसलो तर दिवस पुरणार नाही. सरावापुरते मात्र नाव थोडे लांबणीवर टाकावे लागते.

तिसरी गोष्ट म्हणजे लक्षाची मर्यादा. मन एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाते, असे न्यायदर्शनाने फार पूर्वी मानले. अनेक ज्ञाने एकाच वेळी उत्पन्न होत नाहीत, हीच त्या दर्शनात मनाच्या अस्तित्वाची खूण ठरते. आधुनिक मानसशास्त्र हा सिद्धांत जसाच्या तसा स्वीकारत नाही, परंतु मर्यादेचे पुरावे तेथेही भरपूर आहेत. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्री यांच्या 1999 मधील प्रयोगात लोकांना चित्रफितीतील खेळाडूंनी एकमेकांकडे किती वेळा चेंडू दिला ते मोजायला सांगितले होते. मध्येच गोरिलाचा वेश घातलेली व्यक्ती चालत गेली आणि सुमारे निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही. म्हणून पाचही इंद्रियांकडे एकदम लक्ष देण्याचा उत्साह सुरुवातीला तरी आवरावा.

काम निवडणे

सरावासाठी निराळी वेळ ठेवली की ती आठवड्याभरात बुडते. त्याऐवजी रोज घडणारे, ठरावीक जागचे आणि एक-दोन मिनिटांत संपणारे एखादे काम निवडावे : हात धुणे, कपड्यांची घडी घालणे, जिना उतरणे, पहिला घोट घेणे. त्या कामाला एक इंद्रिय आणि एक प्रश्न जोडावा. काम संपले की सरावही संपला. तो लांबवू नये. दोन मिनिटांचे खरे लक्ष अर्ध्या तासाच्या ओढूनताणून आणलेल्या एकाग्रतेपेक्षा जास्त दाखवते, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाहन चालवताना, रस्ता ओलांडताना, धारदार हत्यार किंवा चालू यंत्र हाताळताना हा सराव करू नये. वरच्या प्रयोगातून निघणारा धडा येथे शब्दशः लागू होतो : एका गोष्टीवर एकवटलेले लक्ष दुसरीकडून काढून घेतलेले असते.

स्पर्शापासून सुरुवात

आरंभ स्पर्शाने करावा, असे मी सुचवतो. डोळ्यांवर दिवसभर इतके काम असते की त्यांना नवा प्रश्न विचारला तरी जुनेच उत्तर येते. त्वचेला मात्र फारसे कोणी काही विचारत नाही, त्यामुळे तिची उत्तरे ताजी असतात.

हात धुण्याचेच उदाहरण घेऊ. नळ उघडण्यापूर्वी त्याच्या धातूवर बोट टेकवावे आणि लगेच शेजारच्या लाकडी दारावर. दोन्ही वस्तू एकाच खोलीत असल्याने त्यांचे तापमान जवळपास सारखेच असते, तरी धातू स्पष्ट गार लागतो, कारण तो बोटातील उष्णता वेगाने ओढून घेतो आणि त्वचेला कळते ते आपल्या स्वतःच्या तापमानातील घट. आता हात पाण्याखाली धरावा. गारवा आधी कोठे जाणवतो : तळव्यावर, बोटांच्या मधल्या पातळ त्वचेवर, की मनगटाच्या आतल्या बाजूला? धार जेथे पडते तेथे दाब आणि गारवा यांतले आधी काय कळते? काही क्षणांनी तोच गारवा बोथट होतो. तो बोथट होत असतानाच पकडता येतो का, हे पाहावे. मग साबण. कोरड्या हाताला साबणाची वडी जराशी अडखळते, ओल्या हातातून ती निसटते आणि फेस झाल्यावर बोटे एकमेकांवरून जवळजवळ कसलाही विरोध न होता सरकतात. धुऊन झाल्यावर हा बुळबुळीतपणा एका क्षणात जात नाही. तो आधी बोटांच्या टोकांवरून जातो की तळव्यावरून, आणि त्वचा पुन्हा ‘धरू’ लागल्याचे नेमके कधी कळते, हा प्रश्न आठवडाभर पुरतो.

येथे हालचालीचे महत्त्व ध्यानात घ्यावे. कापडावर बोट नुसते टेकवून ठेवले तर पोत फारसा कळत नाही. बोट फिरवले की विणीचा खरखरीतपणा, उभ्या आणि आडव्या दिशेतला फरक, शिवणीचा उंचवटा हे सारे उमटू लागते. स्पर्शज्ञानात हालचाल किती आवश्यक आहे, हे डेव्हिड कात्झ यांनी 1925 मध्ये सविस्तर मांडले होते. म्हणून कपड्यांची घडी घालताना डोळे मिटून प्रत्येक कापडावरून आधी सावकाश, मग भरभर बोट फिरवावे. तेच कापड दोन वेगांनी दोन वेगळे पोत दाखवते.

सोबत कोणी असेल तर आणखी एक जुना प्रयोग करण्यासारखा आहे. दोन बोथट पेन्सिलींची टोके जवळजवळ धरून डोळे मिटलेल्या माणसाच्या बोटाच्या टोकावर एकाच वेळी हलकेच टेकवावीत. दोन-तीन मिलिमीटर अंतरावरचे बिंदूही तेथे बहुधा वेगळे ओळखू येतात. पाठीवर मात्र साधारण चार सेंटिमीटर अंतर असल्याशिवाय ते एकच बिंदू वाटतात. शरीराचा कोणता भाग किती बारकाईने सांगू शकतो, याचा असा अंदाज एकदा आला की भलत्या ठिकाणी भलती अपेक्षा राहत नाही.

ऐकणे

कानांसाठी काम निवडायची गरज नाही. वाट पाहण्याची कोणतीही वेळ चालते. आधी सर्वांत दूरचा आवाज शोधावा, मग त्याहून जवळचा, मग खोलीतला, आणि शेवटी स्वतःच्या शरीराचा : श्वासाचा, कपड्याच्या घर्षणाचा, गिळण्याचा. हा क्रम मुद्दाम दूरून जवळ असा आहे, कारण जवळचे मोठे आवाज आधी घेतले तर दूरचे पुन्हा सापडत नाहीत.

प्रत्येक आवाजाला ‘गाडी’, ‘पंखा’, ‘पक्षी’ असे नाव लगेच सुचेल. सुचू द्यावे, परंतु तेथे थांबू नये. आवाज जाड आहे की बारीक, सलग आहे की तुटक, त्याला आरंभ आहे का, तो संपतो की नुसता विरतो, एवढे विचारावे. पंख्याचा आवाज ‘एकसुरी’ म्हणून आपण सोडून देतो, पण त्यात बहुधा पात्यांचा वारा, मोटरचा खर्ज आणि एखादी नियमित टकटक असे तीन थर असतात. यांतील एक थर धरून ठेवून बाकीचे मागे जाऊ द्यायचे आणि मग दुसरा पुढे आणायचा, हे थोड्या प्रयत्नाने साधते. गर्दीतल्या अनेक संभाषणांमधून आपण हवे ते संभाषण कसे वेचून ऐकतो, हा प्रश्न कॉलिन चेरी यांनी 1953 मध्ये प्रयोगांसाठी घेतला होता. पंख्याखाली बसून आपण त्याच क्षमतेचा व्यायाम करीत असतो.

दिशेचा प्रश्नही रंजक आहे. उजवी-डावी बाजू कळण्यासाठी मेंदू दोन्ही कानांवर आवाज पोहोचण्यातला अत्यल्प फरक वापरतो आणि हा फरक जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाहूनही कमी असतो. बरोबर समोरून आणि बरोबर मागून आलेल्या आवाजांत मात्र असा फरक उरत नाही, म्हणून तेथे गफलत होते. डोळे मिटून एखादा आवाज पुढचा की मागचा ते ठरवावे, न ठरल्यास डोके किंचित वळवावे. दिशा लगेच उलगडते.

पाहणे

हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरला असता त्याचे नख जेवढी जागा व्यापते, जवळपास तेवढ्याच भागाचे आपल्याला एका वेळी अगदी तपशीलवार दर्शन होते. बाकीचे दृश्य स्पष्ट ‘वाटते’, कारण डोळे सेकंदाला साधारण तीन वेळा जागा बदलत राहतात. खात्री करायची असेल तर छापील पानावरील एका शब्दावर नजर खिळवून चार ओळी खालचा शब्द वाचून पाहावा. तो वाचता येत नाही आणि नजर तिकडे पळू पाहते, ती ओढसुद्धा जाणवते. पाहण्याच्या सरावात ही ओढ ओळखणे माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे.

रंगांसाठी हाताची मूठ पोकळ करून तिच्या बारीक छिद्रातून पांढऱ्या भिंतीकडे पाहावे : आधी खिडकीजवळचा भाग, मग कोपरा. भिंत एकच, रंग एकच, हे माहीत असूनही छिद्रातून कोपरा राखाडी, पिवळसर किंवा निळसर दिसतो. मेंदू एरवी प्रकाशातला फरक वजा करून भिंत ‘पांढरी’ ठरवतो. छिद्रामुळे आजूबाजूचा संदर्भ तुटतो आणि वजाबाकी बिघडते. चित्रकला शिकणाऱ्यांना ही युक्ती परिचित असते, इतरांना सहसा कोणी सांगत नाही. मूठ बाजूला केल्यानंतरही कोपऱ्याचा राखाडी रंग काही क्षण टिकवून पाहता येतो का, हा पुढचा टप्पा.

रात्री दिवा मालवल्यावर खोली काळीठिक्कर वाटते. तेव्हा मोबाइल हातात न घेता पडून राहावे. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी साधारण दहा मिनिटांत अंधाराला सरावतात. मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशींना अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. त्या दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी नसतात, म्हणून अंधुक वस्तूकडे थेट पाहिले तर ती नाहीशी होते आणि किंचित बाजूला पाहिले तर दिसते. आकाशनिरीक्षक मंद तारे पाहताना हेच करतात.

वास आणि चव

नाक सर्वांत लवकर थकते. खोलीत शिरताना जाणवलेला वास काही मिनिटांत नाहीसा होतो, म्हणून वासाचा सराव नेहमी उंबरठ्यावर करावा : आत येताना, कपाट उघडताना, पुस्तक उघडताना. एक दीर्घ श्वास घेण्यापेक्षा छोटे छोटे दोन-तीन हुंगे घ्यावेत आणि मग थोडे बाजूला होऊन पुन्हा यावे. दोन्ही नाकपुड्यांतून हवा सारखी वाहत नाही आणि मोकळी बाजू काही तासांनी बदलते. एकेक नाकपुडी मिटून तोच वास घेतल्यास तीव्रतेतला फरक कधी कधी कळतो. माणसात वासाचे ग्राहक, म्हणजे वासाचे रेणू टिपणारी नाकातील प्रथिने, सुमारे 400 प्रकारचे असतात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 मध्ये या ग्राहकांच्या जनुकांचा शोध प्रसिद्ध केला आणि त्यासाठी त्यांना 2004 चे नोबेल मिळाले. इतकी सामग्री असूनही वासाचे वर्णन करताना आपण अडखळतो. अशा वेळी वस्तूचे नाव न शोधता तीव्र की मंद, कोरडा की ओलसर, नाकात वरपर्यंत जाणारा की घशाशी रेंगाळणारा, असे विचारावे.

चवीसाठी एकच प्रयोग पुरेसा आहे. नाक चिमटीत धरून फळाची फोड चावावी. गोड, आंबट, खारट, कडू आणि किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये वेगळी ओळखलेली उमामी (रस्सा-सूपातली रुचकर चव), एवढ्याच चवी जिभेला मूलतः कळतात. त्यामुळे गोडी आणि आंबटपणा जाणवतो, फळ कोणते ते मात्र नीट कळत नाही. चावता चावता नाक सोडावे. तोंडातील हवा घशाच्या मागून नाकात पोहोचते आणि त्या क्षणी फळाचा स्वाद प्रकट होतो. जिभेच्या टोकाला गोड आणि कडेला आंबट कळते असा जो नकाशा अनेकांनी शाळेत पाहिलेला असतो, तो चुकीचा आहे. जिभेच्या रुचिकलिका असलेल्या सर्व भागांना सर्व चवी कळतात.

जेवणभर असे लक्ष देणे अवघड आणि सोबतच्या माणसांना कंटाळवाणे असते. पहिले दोन घास पुरेत. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सुरू केलेल्या सजगतेच्या कार्यक्रमातील प्रसिद्ध व्यायामही एका मनुकेपुरताच असतो : ती पाहायची, चाचपायची, हुंगायची, आणि मग सावकाश चावायची.

शरीराची आतली जाणीव

डोळे मिटूनही आपला हात कोठे आहे हे कळते, ते स्नायू आणि सांध्यांतून येणाऱ्या माहितीमुळे. चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 मध्ये या जाणिवेला स्वतंत्र स्थान दिले. भिंतीजवळ, आधार हाताशी ठेवून, एका पायावर उभे राहावे आणि मग डोळे मिटावेत. घोट्यातील स्नायू किती अविरत दुरुस्त्या करीत असतात ते लगेच समजते. तोल जाण्याचा धोका असलेल्यांनी बसूनच तळपायावरील भार उजवीकडे-डावीकडे सरकवून पाहावा. जिना उतरताना कोणता पाय अधिक जोराने टेकतो, हाही चांगला प्रश्न आहे. कठडा मात्र धरावा.

नोंद आणि अडचणी

दिवसाअखेरी एका ओळीची नोंद ठेवावी. ‘छान वाटले’, ‘शांत वाटले’ असे शब्द तिच्यात येऊ देऊ नयेत, कारण ते इंद्रियाबद्दल काहीच सांगत नाहीत. ‘फेस गेल्यावर डाव्या अंगठ्याची त्वचा सर्वांत शेवटी कोरडी वाटली’ ही नोंद क्षुल्लक दिसते, पण ती केवळ लक्ष दिलेल्या माणसालाच लिहिता येते. सरावाने शांत वाटले तर उत्तमच; ते उद्दिष्ट ठेवले मात्र तर प्रत्येक वेळी ‘शांत झालो का?’ याचीच तपासणी चालू होते आणि पाणी राहते बाजूला.

मन भरकटेल. ते भरकटल्याचे लक्षात आले की स्वतःला दटावत न बसता प्रश्न पुन्हा विचारावा. प्रश्नच विसरला असेल तर तो बहुधा फार मोठा किंवा फार संदिग्ध होता. त्याचा एक तुकडा घ्यावा.

काहींनी जपून राहावे. कानात सतत गुंजारव असणाऱ्यांना शांततेत बसून ऐकण्याचा सराव त्रासदायक ठरू शकतो. घाबरण्याचे झटके येणाऱ्यांनी हृदयाचे ठोके आणि श्वास यांच्यावर लक्ष केंद्रित केल्यास भीती वाढू शकते. त्यांनी बाहेरच्या वस्तूंचा स्पर्श आणि आजूबाजूचे दृश्य यांपुरताच सराव ठेवावा. आवाज, प्रकाश किंवा स्पर्श ज्यांना आधीच असह्य होतात, त्यांच्यासाठी संवेदना कमी करणे हीच पहिली गरज असते. सराव करताना एका कानाला अचानक कमी ऐकू येत असल्याचे लक्षात आले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण अशा वेळी उपचाराला झालेला उशीर महागात पडू शकतो. वास येईनासा झाला असेल किंवा हातापायाला बधिरता वाटत असेल, तरी तपासणी टाळू नये.

एकच प्रश्न रोज तेच उत्तर देऊ लागला की तो बदलण्याची वेळ झाली असे समजावे. काम बदलण्याआधी हात बदलून पाहावा : नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने कुलूप उघडावे, दात घासावेत, बटणे लावावीत. सरावलेल्या हाताला जी किल्ली कधी जाणवतही नाही, तिचे दाते, वजन आणि कुलपात अडण्याची जागा दुसरा हात पहिल्याच दिवशी सांगून टाकतो. तेही सवयीचे झाले की मग त्याच कामाला दुसरे इंद्रिय जोडावे आणि किल्ली फिरताना काय ऐकू येते ते विचारावे.